शुक्रवारचं जपान

माझी बायको जपानातल्या नारा गावची हरणं ओळखते. त्यातलं डावा कान फाटलेलं एक तिचं लाडकं आहे. ते दिसलं नाही तर ती अस्वस्थ होते. रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं खाडीकाठचं गाव सोडून ती जपानला कधी गेलेली नाही, आणि मीही नाही. मी सौदीत, रियाधच्या अल सुलै भागात गोदामांच्या फोर्कलिफ्ट दुरुस्त करतो. तरी गेली तीन वर्षं दर शुक्रवारी आम्ही नवरा-बायको जपान फिरतो. कसं ते सांगतो. हसलात तरी चालेल, आमच्या खोलीतले पाचही जण हसतात.

त्याआधी आमचं फोनवरचं बोलणं कसं असायचं ते सांगायला हवं. "जेवलीस?" "जेवले. तुम्ही?" "जेवलो." "काय होतं?" "डाळ." "बरं." मग मुलीचा अभ्यास, विहिरीवरचा पंप, गावात कोण वारलं. मग दोघंही गप्प. "ठेवू?" "ठेवा." चार मिनिटांत कारभार आटोपला! रोज फोन करायचो, एक दिवस चुकवला नाही. आणि रोज फोन ठेवल्यावर वाटायचं, अरे, हिला काहीतरी सांगायचं होतं. काय ते काही केल्या आठवायचं नाही.

मुलगी दोन महिन्यांची असताना मी इकडे आलो. आता ती पनवेलला वसतिगृहात राहून नर्सिंग शिकते. मेकॅनिकच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहायच्या परवान्यावर, बायकोला इकडे आणून ठेवायची सोय नव्हती. दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी. म्हणजे एकवीस वर्षांत आम्ही एका छपराखाली मिळून दोन वर्षंही काढलेली नाहीत. मधे एकदा ती उमऱ्याच्या यात्रेला आली, तेव्हा मी रजा टाकून मदिनेला धावलो. पाच दिवस एका शहरात! पण ती आली होती गावच्या चाळीस माणसांच्या जथ्याबरोबर. बायकांच्या खोल्या वेगळ्या, पुरुषांच्या वेगळ्या. मी हॉटेलच्या लॉबीत खजुराचा पुडा मांडीवर घेऊन बसायचो, आणि ती कधी मामीला घेऊन यायची, कधी चुलतसासूला. पाच दिवसांत आम्ही दोघंच असे भेटलो ते फक्त लिफ्टमध्ये, तेही तीन मजले. त्या तीन मजल्यांत मी तिला काय विचारलं असेल? "जेवलीस?" असला गाढव माणूस मी.

जपान आलं ते चुकून. आमच्या बऱ्याचशा मशीन जपानी बनावटीच्या. एका मशीनचे काटे वर गेले ते खालीच येईनात, म्हणून मी फोनवर दुरुस्तीचा व्हिडिओ बघत होतो. तो संपला आणि त्याच्या मागोमाग दुसराच सुरू झाला. कुणी एक जण कॅमेरा घेऊन सकाळच्या मासळीबाजारातून चाललाय, तोंडातून चकार शब्द नाही, नुसता चालतोय. मला दुरुस्तीचा व्हिडिओ वर्कशॉपच्या ग्रुपवर टाकायचा होता. घाईत बाजाराचा गेला, आणि ग्रुपऐवजी बायकोला गेला. तिला वाटलं, मी मुद्दाम पाठवला. तोपर्यंत मी तिला जुम्मा मुबारकच्या फुलांशिवाय काहीही पाठवलं नव्हतं.

दीड तास बसून तिनं तो अख्खा बाजार बघितला. संध्याकाळी मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "अहो, तो म्हातारा निखाऱ्यावर भाजत होता तो बांगडाच ना?"

"बांगडाच."

"मग त्यानं चिरा का नाही पाडल्या? मीठ आत जाणार कसं?"

च्यायला, मला काय ठाऊक! पण मी पुन्हा व्हिडिओ लावला, म्हातारा शोधून काढला, आणि एकच चीर आहे, आडवी, असं तिला सांगितलं. ती म्हणाली, एका चिरेनं काही होत नाही. मी म्हटलं, त्यांचा बांगडा आपल्यापेक्षा चरबीचा असेल. ती म्हणाली, तुम्हाला कधीपासून माशातलं कळायला लागलं? पंचवीस मिनिटं झाली तरी आम्ही बांगड्यावरच होतो. फोन ठेवला आणि मी उगाचच हसत बसलो.

मग शुक्रवार ठरून गेला. जुम्म्याची नमाज आटोपून मी खोलीवर येतो, ताट वाढून घेतो. तिकडे तिचा चार वाजताचा चहा झालेला असतो. एका फोनवर ती, दुसऱ्या फोनवर जपान. तिनं टीव्हीला नेट जोडून घेतलंय. "एक, दोन, तीन" म्हणून दोघांनी एकदम बटण दाबायचं. तरी तिचं नेट गावचं, तिचं जपान माझ्यापेक्षा चार-पाच सेकंद मागे. सुरुवातीला मी म्हणायचो, "आता वळणावर देऊळ येणार बघ." ती चिडायची. "आधी सांगू नका हो! तुमच्या आधी मी कधी कुठे पोचणार?" तेव्हापासून मी देऊळ दिसलं तरी गप्प बसतो आणि तिच्या "या अल्ला, केवढं ते!" ची वाट बघतो. मला देवळापेक्षा ते जास्त आवडतं, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

असे आम्ही क्योटोच्या बाजारात फिरलो, केशरी कमानींच्या डोंगरावर चढलो. बसल्या जागी तिचे गुडघे दुखले. ओसाकाला एक पोरगी गाडीवर ऑक्टोपसचे गोळे करत होती. बायको ओरडलीच, "अहो, ही तर माझ्या आप्प्यांची भावंडं!" पुढच्या शुक्रवारी तिनं जवळा घालून आप्पे केले आणि एकेक कॅमेऱ्यासमोर धरून मला दाखवला. मी इकडे जपान्यांसारखा भाताचा तिकोनी लाडू वळून आत डब्यातला मासा भरला. तो सुटला आणि सगळा भात मांडीवर आला. आमच्या खोलीतला केरळचा भाई मला रोज विचारतो, "आज कहाँ का टिकट है?" हाकोदातेच्या सकाळच्या बाजारात ताजी म्हाकलं, हॉटेलात स्क्विड म्हणतात ती, बघून ती हळहळली. बेप्पूला जमिनीतून वाफ येते आणि लोक तिच्यावर अंडी उकडतात, हे बघून म्हणाली, "गॅस संपायची कटकट नाही यांना." नूडल्सच्या वाडग्यात डुकराच्या मांसाची गोल चकती दिसली की ती टीव्हीतल्या माणसालाच दटावते, "ते आपलं नव्हे. पुढे चल बाबा, पुढे चल." आणि तो खरंच पुढे जातो.

एकदा मोहल्ल्यातली एक बाई तिच्याकडे विळी मागायला आली. म्हणाली, काल हाका मारमारून थकले, होतीस कुठे? बायको तंद्रीत बोलून गेली, "काल आम्ही नाराला होतो."

"नारा? कुठे, पनवेलजवळ का?"

"जपानात."

"आणि आम्ही म्हणजे कोण? तुझा नवरा तर सौदीला!" बाईचे डोळे बारीक झाले असणार, मला इथून दिसतात.

"आम्ही म्हणजे मी आणि हे."

"तू इथे, तो तिथे, आणि जपान फिरून आलात म्हणे!"

तर बायको तिला म्हणाली, "मग? ते तिथे आणि मी इथे असताना एकवीस वर्षं आमचा संसार झाला म्हणता ना तुम्ही सगळ्या? तसंच जपानही झालं."

हे मला सांगताना ती पोट धरून हसत होती. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी मशीनखाली पडून बोल्ट आवळताना ते वाक्य पुन्हा आठवलं आणि पाना हातातच राहिला. वर उभा असलेला ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करत होता, पण मला उठवेना.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ऑफिसातून कागद आला. करार दोन वर्षांनी वाढवायचा असेल तर रविवारी सही करा. नसेल तर इकामा संपेपर्यंत काम, मग घर. खलास. या खेपेला मी परत येणार, असं मी बायकोला, मुलीला, सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं. आणि तो कागद हातात घेतल्यावर मला काय झालं सांगू? सुटल्यासारखं झालं.

खोटं कशाला बोलू! सुट्टीवर गेलो की पहिले आठ दिवस पाहुण्यांत जातात. नवव्या दिवशी पडवीत मी खुर्चीवर, ती पायरीवर, आणि दोघंही समोरच्या माडाकडे बघतोय. ती विचारते, "चहा टाकू?" मी म्हणतो, "टाक." मग पुन्हा माड. परतताना विमानतळावर मी रडायचो, ते खरं रडणं. पण विमान उठलं की छातीवरचं काहीतरी हलकंही व्हायचं. इथे बसून तिची आठवण काढायची मला सवय आहे. जीव तुटतो तो इथून. तिच्यासमोर बसलो की मला काही येत नाही.

म्हणून मी एक शक्कल काढली. शुक्रवारी आम्ही डोंगरातल्या एका गावात होतो, गवताची उंच छपरं, बाजूनं भातशेती. मी माझा व्हिडिओ थांबवला आणि म्हटलं, "ऐक. अजून दोनच वर्षं. मग मी तुला खरंखुरं जपान दाखवतो. त्या कानफाट्या हरणाला तू हातानं बिस्किट घाल." मला वाटलं, ही आनंदानं उडी मारेल.

तिनंही टीव्ही बंद केला. तीन वर्षांत पहिल्यांदा. "मला जपान बघायचंय असं कोण म्हणालं?"

"तीन वर्षं बघतेस की!"

"तुम्ही बोलता म्हणून बघते. त्या जपानात काय माझं माहेर आहे?"

माझं डोकं फिरलं. "मग मी काय इकडे मजा मारायला बसलोय?" मी ओरडलो. खोलीतले सगळे वळून बघायला लागले. मी फोन घेऊन बाहेर आलो आणि आवारातल्या एका कंटेनरच्या सावलीत उभा राहिलो. मला वाटलं, आता ती नेहमीसारखं "ठेवते" म्हणणार. ती म्हणाली नाही, नुसती थांबली. त्या थांबण्यानं माझ्या तोंडून निघून गेलं, "मला घरी यायची भीती वाटते गं."

"कसली?"

"आपण बोलणार काय?"

मग आला तो तिचा नेहमीचा आवाज नव्हता. "बोलणार काय म्हणजे? माझं एकवीस वर्षांचं भांडण पडलंय! तुमची आई गेली तेव्हा फोनवर काय म्हणालात? तू आहेस ना, बघून घे. घेतलं बघून. मय्यत उठल्यावर दार लावून घेतलं, आणि इतका राग आला होता मला तुमचा, इतका राग! पण बोलले नाही. म्हटलं, हा माणूस तिकडे एकटा, दिवसभर मशीनखाली हात घालतो, याचं डोकं ठिकाणावर राहायला पाहिजे. गिळलं. पोरगी तापानं फणफणली तेव्हा गिळलं. तुमच्या भावानं कुंपण सरकवलं तेव्हा गिळलं. फोनवर भांडायचं आणि मग तुम्ही तिकडे काय करत असाल म्हणून जागत बसायचं, हे मला जमलं नाही हो. मला तुमच्या तोंडावर भांडायचंय. तुम्ही ओरडा, मी ओरडते. रुसलात तर तुमचं रुसलेलं तोंड मला दिसेल तरी. घरी या."

मी भर दुपारी कंटेनरला टेकून रडलो. ती तिकडे रडत होती. चार-पाच सेकंद मागे नव्हे, बरोबरच.

रविवारी ऑफिसात गेलो आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. टेबलामागचा लखनौचा बाबू चांगला माणूस. त्यानं विचारलं, "क्यों भाई, कहीं और नौकरी मिली?" मी म्हटलं, नाही, बायकोशी भांडायला जायचंय. तो हसला. "अरे, फोन पे निपटा लो ना!" मी म्हटलं, "फोन पे नहीं होगा."

इकामा संपायला अजून चार महिने आहेत. एकवीस वर्षं काढलीस, चार महिने म्हणजे काय, असं सगळे म्हणतात. मला मात्र एकेक दिवस निघता निघत नाही. घरी गेल्यावर ती पहिल्यांदा आईचं काढणार, हे मला माहीत आहे. त्यावर काय उत्तर द्यायचं हे मी रोज शोधतो. मला तिच्यासमोर जाऊन बसायचंय आणि ती काय काय बोलते ते सगळं ऐकायचंय.