जाळीपलीकडचे पाय

नागेश घाडी अकरा वर्षं बॅलेचा चाहता होता आणि त्या अकरा वर्षांत त्याने बॅले घोट्याच्या वर म्हणून कधी पाहिला नव्हता. हे ऐकून कोणी भुवया उंचावणार असेल, तर त्याने आधी नागेशची बसायची जागा बघावी. दुबईच्या देरा भागात खाडीच्या बाजूला एक जुनं हॉटेल होतं. तिथल्या मोठ्या हॉलच्या स्टेजला लागून एक अंधारी प्लांट रूम होती आणि तिच्यातल्या एसीच्या मशीनवर नागेश ऑपरेटर होता. मशीनला हॉलमधली हवा परत ओढून घ्यावी लागते, म्हणून भिंतीत अगदी जमिनीलगत एक लोखंडी जाळी बसवलेली होती. तिच्या पट्ट्या खाली कललेल्या. उलट्या बादलीवर बसून पट्ट्यांतून पाहिलं की स्टेजच्या कडेची लाकडी जमीन दिसायची आणि तिच्यावरून येणारे-जाणारे पाय. बाकीचा माणूस वर कुठेतरी असेल असं धरून चालायचं.

बॅले कंपनी पहिल्यांदा आली ती १९९२च्या फेब्रुवारीत. पूर्व युरोपातल्या कुठल्याशा थंड गावची. तिचं नाव इतकं लांबलचक की हॉटेलात सगळे ‘बॅलेवाले’ म्हणून मोकळे झाले. नागेश देवगडजवळच्या खेड्यातला. नाच म्हटला की त्याच्यापुढे देवळासमोरचा दशावतार उभा राहायचा. बोटांच्या टोकांवर चालणारी माणसं बघून त्याला आधी वाटलं, यांना जमिनीवर काहीतरी टोचतंय. तो टॉर्च घेऊन बघायला निघालाही होता.

दोन-तीन दिवसांत त्याला कळलं की टोचत वगैरे काही नाही, हेच त्यांचं काम. मग तो नादावला. का नादावला हे मला विचाराल तर सांगता यायचं नाही, त्यालाही सांगता आलं नसतं. दिवसाचे बारा तास मशीनची घरघर ऐकणाऱ्या माणसाला भिंतीपलीकडून बाजा ऐकू येतो आणि बाज्याच्या ठोक्यावर पन्नास पाय एकदम उचलले जातात, एवढं पुरे असतं. त्या पन्नासांत एक जोडी तो लगेच ओळखायला लागला. डावं पाऊल जरा आत वळलेलं, आणि उडी मारून उतरताना आवाज जवळजवळ नाहीच. त्या पायांचं नाव लारिसा, हे त्याला शहनाझने सांगितलं. शहनाझ ही हॉटेलच्या कपडेखात्यातली हैदराबादची बाई. बॅलेवाल्यांचे झगे इस्त्री करायचं काम तिच्याकडे असायचं, त्यामुळे तिला आतलं सगळं ठाऊक.

जाळीला लागूनच एक पायरी होती. लारिसा तिथे बसून बूट चढवायची, उतरवायची. चौथ्या दिवशी तिने बूट काढले आणि नागेशच्या नजरेपासून हातभर अंतरावर तिच्या टाचा आल्या. भेगा पडलेल्या, बोटांना घट्टे, एका ठिकाणी रक्त सुकलेलं. भात लावणीनंतर गिरिजाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, टाचा अशाच व्हायच्या आणि त्यावर घरात एकच औषध होतं, भिरंडेल. कोकमाच्या बिया उकळून काढलेलं ते घट्ट पांढरं तूप. सुट्टीहून येताना गिरिजा दर वेळी त्याचा एक गोळा बॅगेत घालायची, कारण आखातातल्या कोरड्या हवेत नागेशचे हात फुटत. तो गोळा त्याच्या हत्यारांच्या पेटीतच होता. त्याने सुरीने पातळ चकत्या केल्या, कागदात बांधल्या आणि पट्टीच्या फटीतून बाहेर सरकवल्या.

“मॅडम, गुड फॉर फूट,” तो म्हणाला. बोटाने टाचेवर चोळून दाखवलं.

पलीकडे बूट बाजूला ठेवले गेले. मग हात आला आणि पुडी उचलली गेली.

दुसऱ्या दिवशी लारिसाचे पाय वेळेवर आलेच नाहीत. आले तेव्हा पट्ट्या बांधलेले आणि लंगडत. तिच्या जागी दुसरीच बाई नाचली. शहनाझ कपडे घेऊन जाताना प्लांट रूमच्या दारात थांबली आणि तिने नागेशची हजेरीच घेतली. “नागेश भाई, तुमने दिया था वो मक्खन? अरे, इन लोगों का पैर कड़क चाहिए. कड़क चमड़ी पे ही ये खड़े रहते हैं. रातभर में नरम पड़ गया, आज जूते में सब छिल गया.”

नागेशने उरलेला गोळा पेटीच्या तळाशी लोटला. बाईची बरीच वर्षांची कमाई ती कातडी, आणि आपण ती एका रात्रीत घालवली. त्या दिवशी त्याने कानाला खडा लावला. जाळीपाशी पुन्हा तोंड उघडायचं नाही, काही द्यायचं नाही. बघायचं तेवढं मुकाट्याने.

पण देणं म्हणून त्याच्याजवळ दुसरं काहीतरी होतं, ते तो देत राहिला. हॉलमधले पाहुणे सूट घालून यायचे. सुटात त्यांना उकडायचं, म्हणून मॅनेजरचा हुकूम असायचा एसी फुल. नाचणाऱ्यांना तीच हवा विषासारखी. अंग गार पडलं की पोटरीत गोळा आलाच. स्टेजच्या बाजूचं मशीन वेगळं होतं, पण त्याच्या गार पाण्याच्या व्हॉल्व्हची मोटर जळलेली आणि नवी मोटर दर वर्षी पुढच्या बजेटमध्ये ढकललेली. म्हणजे व्हॉल्व्ह हातानेच फिरवायचा. जास्त उघडला की स्टेज गार. अगदी बंद केला की एवढ्या माणसांच्या घामाने हवा दमट व्हायची, लाकूड ओलसर व्हायचं आणि पाय सटकायची भीती. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, दर पाच-सात मिनिटांनी, खेळ संपेपर्यंत. नागेश एक हात चाकावर ठेवून आणि डोळा जाळीला लावून अकरा फेब्रुवाऱ्या तसा बसून राहिला. हे कोणी सांगितलेलं काम नव्हतं आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. बॅलेवाले एवढंच म्हणत, या हॉलमध्ये बरं वाटतं.

चाहत्याची म्हणून जी लक्षणं असतात ती सगळी त्याच्यात उतरली. शहनाझ उरलेली कार्यक्रमपत्रिका आणून द्यायची, ती त्याच्या ट्रंकेत गिरिजाच्या पत्रांखाली जायची. त्यातल्या फोटोंत चेहरे तांदळाएवढे. कुठल्या वर्षी लारिसा मागच्या रांगेतून पुढे आली, कुठल्या वर्षी मुख्य झाली, हे त्याला पायांवरूनच कळायचं, कारण मुख्य बाईसाठी बाकीचे पाय बाजूला होत. सत्त्याण्णव साली तिचा उजवा गुडघा दुखावला हे त्याने उतरण्याच्या आवाजावरून ओळखलं. दोन हजारनंतर तो आवाज दर वर्षी थोडा थोडा वाढत गेला. समोरच्या प्रेक्षकांनी अजून टाळ्या कमी केल्या नव्हत्या, पण नागेशला कळून चुकलं होतं आणि त्याचं मन खट्टू व्हायचं.

या नादापायी त्याने एक गोष्ट केली, जी चांगली नव्हती. त्याच्या मुलीचं, दर्शनाचं, लग्न ठरलं ते नव्याण्णवच्या फेब्रुवारीतल्या मुहूर्तावर. नागेशने घरी कळवलं, सुट्टी मिळत नाही. खरं म्हणजे त्याने मागितलीच नव्हती. मुहूर्त मेमध्ये ढकलला. व्याह्यांनी कुरकुर केली, मांडवात गिरिजाला चार गोष्टी ऐकून घ्याव्या लागल्या. “मालकाक जरा माणुसकी नाय,” असं ती महिनाभर म्हणत होती आणि नागेश मान हलवत होता. पुढे वय चढलं, बाकी सगळ्याची सवय झाली, पण त्या मान हलवण्याची काही त्याला सवय झाली नाही.

२००३च्या जानेवारीत शहनाझने दोन बातम्या एकदम आणल्या. हॉल पाडून तिथे बैठकांच्या खोल्या होणार होत्या. बॅलेवाले आता इथे येणार नव्हते, पुढे शहराच्या दुसऱ्या टोकाला, मरीनाकडे, नवे हॉल होतील तेव्हा होतील. आणि लारिसा नाच सोडणार होती. तिचा शेवटचा खेळ इथलाच.

नागेशने तिकीट काढलं. एकदा तरी समोरून, आख्खी बाई, आख्खा नाच, डोक्यापासून पायापर्यंत. एवढीच त्याची इच्छा होती. अल कुसैसच्या कामगारांच्या कॅम्पमध्ये त्याच्या वरच्या बंकवर झोपणारा दगडू तिकीट उलटंसुलटं करत म्हणाला, “दीडशे दिरहम? म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये. आणि तिथे तर तू फुकटात बसतोस.” असं म्हणाला, पण आपल्या लग्नातला कोट त्यानेच काढून दिला. कोट नागेशला खांद्यात घट्ट होत होता. पोट आत घेऊन त्याने बटण लावलं.

अकरा वर्षांत नागेशने फेब्रुवारीतला एक दिवस पहिल्यांदाच रजेचा मागितला. व्हॉल्व्ह त्याने इद्रीसकडे सोपवला. हा दुसरा ऑपरेटर पेशावरकडचा, भला माणूस. पाव फेऱ्याचा हिशेब नागेशने त्याला तीन वेळा समजावला. “इन्शाल्ला सब ठीक होगा, यल्ला, तुम जाओ,” इद्रीस म्हणाला.

पडदा वर गेला आणि नागेशला पहिल्यांदा लारिसा दिसली. मागच्या रांगेतून चेहरा लहानच दिसत होता, पण हात दिसले. तिला हात आहेत आणि ती ते असे वापरते, याचा त्याने कधी विचारच केला नव्हता. ती मान वळवायची तेव्हा हॉलमधलं खोकणं थांबायचं. आपण एवढी वर्षं जे बघत होतो ते याचं फक्त तळाचं टोक होतं, हे कळून त्याला हसू आलं.

मग स्टेजकडून त्याच्या तोंडावर गार झुळूक आली.

शेजारच्या बाईने शाल सारखी केली, एवढंच. नागेशला मात्र त्या झुळुकेवरून व्हॉल्व्ह किती उघडलाय तेही कळलं. तो खुर्चीच्या हातांवर बोटं आवळून बसला. इद्रीस करेल बंद. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वर लारिसाने एक मोठी उडी घेतलीच नाही, तिच्या जागी दोन छोट्या टाकल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नागेशने उतरण्याचा आवाज तेवढा ऐकला.

मध्यंतर झालं तसा तो मागच्या जिन्याने खाली धावला. इद्रीस दारातच भेटला, हातात पाना. “मैनेजर ख़ुद आया था. बोला फुल करो, मेहमान को गर्मी होती है. अभी किचन का कोल्डरूम बंद पड़ा है, मेरे को बुलाया है.” तो गेलाही.

खोलीत मशीन आणि नागेश. वर जायचं तर आत्ता निघायला हवं होतं. शेवटचा अंक चाळीस मिनिटांचा होता, ती पुन्हा नाचणार नव्हती आणि त्याच्या खिशात तिकिटाचा अर्धा तुकडा होता. व्हॉल्व्ह एकदाच मध्ये ठेवून जाता आला असता. पण मग जमीन ओली होणार की पाय गारठणार, हे बघायला कोणी उरत नव्हतं. नागेशने एक कचकचीत शिवी हासडली. ती कोणाला होती ते त्याचं त्यालाच माहीत. मग दगडूचा कोट काढून खिळ्याला टांगला आणि चाकावर हात ठेवला.

बाजा सुरू झाला. पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. हळूहळू हवा माणसात आली. जाळीतून पाय येत-जात राहिले. शेवटाकडे ते आत वळलेलं डावं पाऊल जाळीसमोरून धावत गेलं आणि मोठी उडी झाली. नागेशने कान दिला. आवाज जवळजवळ आलाच नाही. जुन्या दिवसांसारखा. चेहरा कसा होता त्या वेळी, ते वरच्या नऊशे लोकांनी बघितलं असेल. त्याला फार वाईट वाटलं आणि तो फार थकला होता.

टाळ्या कितीतरी वेळ चालल्या. मग पाय पांगले. सगळं सामसूम झाल्यावर एक जोडी साध्या चपलांत जाळीपाशी आली, थांबली आणि गुडघे टेकले गेले. पट्ट्यांच्या फटीत एक चेहरा आला. रंग घामाने ओघळलेला, डोळ्यांखाली सुरकुत्या. त्याला वाटला होता त्याहून बराच थकलेला. ती काहीतरी बोलली. मागून शहनाझचा आवाज आला, “नागेश भाई, हो ना अंदर? ये पूछ रही है, वो मक्खन है क्या? पहले साल वाला.”

नागेश जाळीपाशी वाकला. “उससे पैर नरम पड़ जाता है. बोलो उसको.”

शहनाझने सांगितलं. पलीकडे हलकं हसू ऐकू आलं. “मालूम है, बोलती है. बोलती है, अब नरम पड़ेगा तो चलेगा.”

पेटीत हातापुरता अर्धा गोळा होता. दार कॉरिडॉरमधून पलीकडे होतं, फिरून जाता आलं असतं, पण ते दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही. नागेशने सुरीने चकत्या केल्या आणि एकेक करून फटीतून सरकवल्या. तिने त्या ओंजळीत घेतल्या, मान लववली आणि ती उठली. मग पुन्हा पायच दिसले, आणि तेही गेले.

शुक्रवारी त्याने कार्डावरून घरी फोन लावला.

“तुमचो आवाज असो कित्याक येता?” गिरिजाने विचारलं.

“दमलंय गो. कोण गावचो इलो तर भिरंडेल धाडून दी. होता ता दिवन टाकलंय.”

“कोणाक?”

नागेशने बूथच्या काचेला डोकं टेकलं. सांगायला बसलं तर सगळंच सांगावं लागणार होतं, जाळी, व्हॉल्व्ह, तिकीट. आणि दर्शनाचं लग्न फेब्रुवारीतून मेमध्ये का गेलं, तेही. कार्डावर बारा मिनिटं शिल्लक होती. “आयक,” तो म्हणाला, आणि त्याने लग्नापासूनच सुरुवात केली.