चौथं ताट

तहसील कचेरीतून टंकलेखक म्हणून निवृत्त झाल्यावर शुभदाताईंना भोरच्या घरात नुसतं बसवेना. २००७ साली त्यांच्या भाच्यानं, उपेंद्रनं, त्यांना काम दिलं. तो पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. म्हातारं माणूस घरात पडलं तर यंत्राला ते कळावं म्हणून त्यानं काही घरांत, घरच्यांना विचारून, उष्णता टिपणारे कॅमेरे लावले होते. चित्रात चेहरे नसत. ऊबदार ते पांढरं, गार ते काळं. दर आठवड्याला चित्रांची सीडी यायची, आणि यंत्रानं त्यावरून शिकावं म्हणून प्रत्येक चित्रापुढं ताईंनी लिहायचं: बसणे, चालणे, झोपणे, जेवणे, पडणे.

सारोळ्याच्या एका घरात दुपारी वाफाळत्या भाताची तीन ताटं पांढरी दिसत. चौथी आकृती, बाईची, चुलीपाशी पाठमोरी बसे. तिच्यापुढं पांढरं काहीच नाही. सलग बारा दिवस.

ताई खुर्चीतून उठत, खिडकीपर्यंत जात, परत येत. त्यांनी उपेंद्रला फोन केला.

"मावशी, 'बसणे' लिही. बाकी आपलं काम नाही."

"मग मला ते घर दाखव."

कॅमेरा तपासायला जाताना त्यानं त्यांना नेलं. घर साळूबाईंचं, आणि ती आकृती म्हणजे त्यांची सून फुलाबाई.

"जेवतेस ना गं वेळेवर?" ताईंनी विचारलं.

"व्हय की. रातची भाकरी आसती. गार आसंल म्हून दिसली नसंल तुमाला."

"तिला ऊन भात सोसत न्हाई," साळूबाई मधेच म्हणाल्या. फुलाबाईनं चुलीत लाकूड सारलं.

पुढच्या आठवड्याच्या सीडीत चार ताटं पांढरी होती. फुलाबाई कॅमेऱ्याकडं तोंड करून बसली होती. ताईंनी 'जेवणे' लिहिलं, तेव्हा त्यांना हायसं वाटलं. पण आठ दिवसांनी कॅमेरा काढला आणि त्यांचा जीव पुन्हा थाऱ्यावर राहीना. आता कोण बघतंय तिथं? उपेंद्रला विचारलं, तर त्याचं सारोळ्यातलं काम संपलं होतं.

शेवटी एका सकाळी त्या एकट्याच एसटीनं निघाल्या. जेवणाच्या वेळेला दारात पोचल्या. आत तीन ताटं मांडलेली होती. साळूबाईंनी त्यांना पाहिलं आणि घाईनं हाक मारली,

"फुले, तुजं ताट घे गं, त्या भोरच्या बाई आल्यात!"

शुभदाताईंनी चप्पल काढली आणि त्या न विचारता चुलीपाशी, फुलाबाईशेजारी जाऊन बसल्या.