बेटावरच्या खेळाचा दुसरा भाग

पनवेलच्या खांदा कॉलनीत राहायला येऊन आम्हाला वर्ष होत आलं होतं, तेव्हा गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी मला सक्तीची विश्रांती सांगितली. पलंगावरून उठायचं ते फक्त बाथरूमपुरतं. नवरा बंदरातल्या एका कचेरीत नोकरीला होता, सकाळी आठला बाहेर पडायचा. त्यानं उरणहून आपल्या आईला बोलावून घेतलं.

आमचं लग्न दोन्ही घरांनी नाइलाजानं मान्य केलं होतं. मी पुण्याची, मासे न खाणाऱ्या घरातली. सासूबाई कोळीवाड्यातल्या. आमचं कधी भांडण झालं नव्हतं, कारण भांडण्याइतकं बोलणंच झालं नव्हतं. त्या आल्या, पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि ओटा पुसायला घेतला. पहिले आठ दिवस आमच्यात जेवणाखाण्यापलीकडे काही बोलणं झालं नाही.

वाचून डोकं दुखायला लागलं तेव्हा मी नवऱ्याला एक सीडी आणायला सांगितली. कॉलेजात असताना हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर मी एक खेळ खेळले होते. त्यात गोळ्या झाडायच्या नसतात, पळायचं नसतं. समोर एक चित्र असतं, त्यातल्या वस्तूंवर माउसनं क्लिक करत जायचं; किल्ली सापडते, कुलूप सापडतं, हळूहळू गोष्ट उलगडते. एका मुलीची आई एका बेटावर नाहीशी होते आणि मुलगी तिला शोधायला जाते. पहिल्या भागात ती सापडत नाही. दुसरा भाग आल्याचं मला बऱ्याच उशिरा कळलं होतं.

सुरुवातीला मी निराश झाले. चित्रं जास्त चकचकीत होती, पण मुलगी उगाच बडबडत होती. तरी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. लॅपटॉप पोटापासून लांब, छोट्या टेबलावर ठेवून मी खेळत राहिले.

तिसऱ्या दिवशी मी एका धक्क्यापाशी अडकले. एक होडी चिखलात रुतली होती. शेजारच्या खोलीच्या भिंतीवर चंद्राच्या कलांची तबकडी होती आणि तिच्याखाली घड्याळ. होडीवर अर्धचंद्र कोरलेला होता, म्हणून मी तबकडी अर्ध्या चंद्रावर फिरवायचे, काटे एकेक तास पुढे सरकवायचे. होडी हलत नव्हती. सासूबाई दाराशी बसून गवार मोडत होत्या.

"पानी कमी हाय," त्या म्हणाल्या.

मला आधी वाटलं, त्या टाकीतल्या पाण्याबद्दल बोलतायत.

"त्या होडीला. अर्ध्या चांदाला पानी चढत नाय. पुनवेला फिरव."

मी फिरवलं. चित्रातलं पाणी चिखलावरून वर आलं.

"आता बारा-साडेबारा कर. पुनवेला भरती तेवाच असते."

मी काटे बारावर आणले. काही झालं नाही. साडेबारा केले, तरी नाही. शेवटी चारवर होडी सुटली. सासूबाईंनी गवारीचं ताट बाजूला ठेवलं आणि जवळ येऊन पडद्याकडे नीट पाहिलं.

"त्यांचा समुद्र खोटा हाय," असं म्हणून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी सगळं आवरलं की त्या खुर्ची ओढून बसू लागल्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. मी वाचून सांगायचे. वस्तू मात्र त्यांना माझ्याआधी दिसायच्या. दोराची गाठ चुकीची आहे, जाळं वाळत घातलंय ते भलत्याच बाजूला, अशा गोष्टी त्या सांगायच्या. त्यातल्या निम्म्यांचा खेळाशी काही संबंध नसायचा.

भरतीचं एवढं कसं माहीत, असं मी एकदा विचारलं. लग्नाआधी बारा-तेरा वर्षांच्या असल्यापासून त्या वडिलांबरोबर खाडीत होडी घेऊन जायच्या. वडिलांचा हात अधू झाला तेव्हा दोन वर्षं एकट्याही गेल्या. लग्न झालं आणि मासळी विकायचं काम वाट्याला आलं, होडी सुटली. संध्याकाळी मी हे नवऱ्याला सांगितलं. तो चहा पिता पिता थांबला.

"आय, तू होडी चालवायचीस?"

"तू कदी विचारलंस?" त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

सातव्या महिन्यात एका दुपारी मला रक्त दिसलं. नवरा कामावर होता. सासूबाईंनी शेजारणीला रिक्षा आणायला पाठवलं, मला धरून जिना उतरवला आणि जुन्या पनवेलमधल्या दवाखान्यात नेलं. रिक्षावाल्याला त्या फक्त "खड्डा बघ" एवढंच सांगत होत्या. चार दिवस मी तिथं होते. सासूबाई तिथल्याच बाकावर झोपायच्या. बाळ ठीक आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी मान हलवली आणि त्या चहा आणायला गेल्या.

घरी आल्यावर मी लॅपटॉपला हात लावला नाही. भीती वाटत होती. कशाची, ते सांगता आलं नसतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. असे आठ-दहा दिवस गेले. मग एका दुपारी सासूबाईंनी छोटं टेबल पलंगापाशी आणून ठेवलं.

"त्या पोरीला बोगद्यात सोडून आलो आपन," त्या म्हणाल्या. "किती दिस झाले."

मी लॅपटॉप उघडला.

खेळ संपायला आणखी दोन आठवडे लागले. शेवटी आई सापडते. ती हरवलेलीच नव्हती. स्वतःहून बेटावर राहिली होती आणि मुलगी आली तरी परत जायला तयार नव्हती. मुलगी एकटीच होडीत बसते. मला हा शेवट आवडला नाही. इतकी वर्षं वाट पाहून हे, असं मी म्हणाले. सासूबाईंचं तसं काही नव्हतं.

"ती जिती हाय, हे कळलं ना पोरीला," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे तिला तिथं."

मला दिवस भरल्यावर मुलगी झाली. सासूबाई आणखी चार महिने राहिल्या आणि मग उरणला परतल्या. आम्ही दोघांनी खूप आग्रह केला, पण त्यांना कोळीवाड्यातलं घर बंद ठेवायचं नव्हतं. आमची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. फोनवर त्या आजही दोन वाक्यांत आटपतात. मात्र त्या गेल्यानंतर काही दिवस दुपारी त्यांची खुर्ची मी पलंगापासून हलवली नाही, आणि नवऱ्यानंही ती का तिथंच आहे, असं विचारलं नाही.