यादीत नसलेलं अक्षर

अठ्ठ्याऐंशी साली मी अमेरिकेत ट्रॉयला मुलाच्या घरी अडकून पडले होते. मुलगा-सून सकाळी आपापल्या गाड्या घेऊन कामाला जात. मला ना गाडी चालवता येत, ना इंग्रजी. परत पाठव म्हटलं की मुलाचं एकच उत्तर, प्रोजेक्ट संपलं की तिकीट काढतो.

प्रोजेक्ट होतं कॉम्प्युटरमध्ये कोरियन अक्षरं घालण्याचं. व्यंजन, त्याला स्वर आणि लागलंच तर खाली आणखी एक व्यंजन, सगळं एका चौकोनात बसवलं की त्यांचं एक अक्षर होतं. मी चौथी शिकलेली, पण बाराखडी येते, त्यामुळे एवढं लगेच कळलं. पुढचं पटलं नाही. अशी अक्षरं हजारो होतात, म्हणून कोरियाच्या सरकारने नेहमी लागणारी दोन हजारांवर निवडून त्यांनाच नंबर दिले. ज्याला नंबर नाही, ते अक्षर मशीनला ठाऊक नाही.

त्या यादीचे जुने कागद घरात पडलेले असत. मी त्यावर पापड वाळत घालायची. शेजारी एक कोरियन म्हातारी होती, माझ्यासारखीच मुलाने आणून ठेवलेली. आम्हाला बोलायला भाषा नव्हती, नुसत्या बसायचो. एकदा तिने पापड बाजूला सारले, स्वतःच्या छातीला हात लावून दाखवला आणि कागदावर बोट फिरवत स्वतःचं नाव शोधायला लागली. दोन अक्षरं सापडली. तिसऱ्यासाठी तिने सगळे कागद दोनदा पाहिले. मग पेन्सिलने पूर्ण नाव कोपऱ्यात लिहिलं, न सापडलेल्या अक्षराखाली रेघ ओढली आणि माझ्याकडे बघत राहिली.

तो कागद मी तीन दिवस उशीखाली ठेवला. मुलाला दाखवला तर काम लांबणार, म्हणजे तिकीटही लांबणार. पण ती रोज यायची आणि तसंच बघायची. चौथ्या दिवशी दाखवला.

"आई, यादी आमच्या हातात नसते गं. थोडे नंबर रिकामे ठेवलेत, त्यातल्या एकावर हे अ‍ॅड करतो. पण ते फक्त माझ्या मशीनवर दिसेल."

"आणि दुसऱ्याच्या?"

"तिथे नाही दिसणार. लोक जवळचं अक्षर वापरतात."

"म्हणजे नाव बदलायचं?"

त्याने तो कागद कामाच्या बॅगेत ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने तिचं नाव छापून आणलं. तिने ते दोनदा वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. ते एकाच मशीनवर उमटतं, हे मला तिला सांगता आलं नाही.

प्रोजेक्ट वेळेवर संपलं, एक दिवसही लांबलं नाही. पण तोवर सुनेला दिवस गेले होते. तिकिटाचा विषय मुलाने काढला नाही, आणि मीही काढला नाही.