काकांच्या हातातलं वल्हं

इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहा पिता पिता, थोडं हसतच वाचत आलो. मी मेकॅनिकल इंजिनिअर. वडील नागपुरात अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं देत फिरायचे, आमच्या घरी देव्हारासुद्धा नव्हता. त्यामुळे हे लिहायला इतकी वर्षं गेली. नाही पटलं तर सोडून द्या... मलाही अजून पटलेलं नाही.

२००५ सालचा ऑक्टोबर. मी पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला पीएचडी करत होतो. तिथे आम्हा मराठी पोरांचं हक्काचं घर म्हणजे जोशीकाका-काकूंचं. काका मूळचे सांगलीचे. भूल देणारे डॉक्टर, नुकतेच रिटायर झालेले. माणूस इतका मऊ की घरात कोळी दिसला तरी कागदावर घेऊन बाहेर सोडणार. नाद एकच, फ्लाय फिशिंग. पिसं गुंडाळून स्वतः बनवलेलं खोटं आमिष हवेत झुलवून लांब टाकायचं, आणि मासा लागला की हलकेच सोडवून परत पाण्यात. सोडताना प्रत्येक माशाला म्हणायचे, "सॉरी हं बाळा."

त्यांचा उजवा खांदा आखडलेला होता. तो हात खांद्याच्या वर जायचाच नाही. शर्ट घालताना काकू बाही धरायच्या. गळ टाकायला ते डाव्या हाताने शिकले होते.

त्या शनिवारी दोन तास ड्राइव्ह करून आम्ही एका तळ्यावर गेलो. पाईक धरायला. पाईक म्हणजे हिरवट, लांबोडका मासा, चपटा जबडा आणि आत ब्लेडसारखे दात. साधी दोरी तो कुरतडून टाकतो, म्हणून टोकाला तार लावावी लागते. काका त्यांच्या एकट्याच्या होडीत होते : हवा भरलेल्या दोन लांब नळ्या, मध्ये एक खुर्ची, दोन वल्ही. मी फ्लोट ट्यूबमध्ये, म्हणजे ट्रकच्या ट्यूबसारख्या रिंगणात बसून, छातीपर्यंतचे रबरी वेडर्स घालून, पाय पाण्यात सोडून.

सकाळचे दहा वाजले असतील. स्वच्छ ऊन होतं. तळ्यावर आमच्याशिवाय फक्त काठावर एक म्हातारी गोरी बाई कुत्रा फिरवत होती.

माझ्या आमिषावर झडप बसली ती इतकी जोरात की रॉड हातातून निसटता निसटता वाचला. आयुष्यातला माझा पहिला पाईक. तो मला ट्यूबसकट खेचत होता.

"दोरी सैल सोडू नकोस," काका लांबून म्हणाले. "दमू दे त्याला. मी येतो."

ते वल्हवत जवळ आले. मासा माझ्या ट्यूबला येऊन टेकला होता, कल्ले उघडझाप करत. काका पक्कड घेऊन वाकले, गळ काढायला. मी "सॉरी हं बाळा" ऐकायची वाट बघत होतो.

त्यांनी पक्कड माशाच्या डोळ्यात खुपसली.

मला वाटलं हात घसरला. पण त्यांनी ती बाहेर काढून पुन्हा खुपसली. मग पक्कड टाकून एक वल्हं उपसलं, दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि माशावर हाणलं. दोन्ही हातांनी. उजवा हात सरळ, कानाला लागून वर गेलेला मी पाहिला. पुन्हा हाणलं... पुन्हा. माशाचं डोकं चेचलं गेलं, रक्त माझ्या तोंडावर उडालं. काकांचा चेहरा मात्र नुसता बसलेल्या माणसासारखा. राग नाही, काही नाही.

"काका, अहो काका, काय करताय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचा फटका माझ्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. दुसरा डोक्यावर. मग त्यांनी वल्ह्याचं पातं माझ्या छातीला लावलं आणि दाबायला सुरुवात केली. ट्यूब उलटली. वेडर्समध्ये बर्फासारखं पाणी शिरलं. मी वर यायचो, पातं पुन्हा खाली ढकलायचं. पासष्टीच्या माणसाची ती ताकद नव्हती. मी पाण्याखाली आईला हाक मारली, हे स्पष्ट आठवतं.

वरून कुठून तरी बाईचं किंचाळणं आलं. दाब एकदम गेला.

मी वर आलो तर काका खुर्चीत बसले होते, वल्हं मांडीवर. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. "अरे, तुझ्या डोक्याला काय झालं? कुठे आपटलास?" मला होडीच्या नळीला धरायला लावून, रडत, एका हातानं वल्हवत त्यांनी काठाला आणलं. उजवा हात लुळा लोंबत होता.

बाईने फोन करून पोलीस बोलावले होते. आम्ही काठाला लागलो तशी ती आमच्या मागे तळ्याकडे बघत म्हणाली, "आणि तो दुसरा?"

"कोण दुसरा?" मी विचारलं.

"तुमच्या मित्राच्या मागे उभा होता तो. धिप्पाड. त्यांचे हात धरून तुम्हाला मारत होता. मी ओरडले तसं त्याने माझ्याकडे पाहिलं आणि होडीवरून पलीकडे पाण्यात उतरला. वर आलाच नाही."

त्या होडीत मागे उभं राहायला जागाच नाही. तिथे कोणी उभं राहिलं तर ती उलटेल. पण बाईने पोलिसांनाही तेच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. एक माणूस बुडालाय असं धरून पाणबुडे संध्याकाळपर्यंत तळ शोधत होते. काही मिळालं नाही.

मी तक्रार केली नाही. काकांच्या मेंदूचा एमआरआय झाला, फिट्सच्या टेस्ट झाल्या, शुगर, हार्ट, सगळं नॉर्मल. खांद्याचे स्नायू मात्र फाटले होते. सर्जन म्हणाला, कोणीतरी हा हात जबरदस्तीने वर ओढलाय.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत काकूंनी मला जेवायला बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला मी हात गळ्यात बांधून, समोर काका हात गळ्यात बांधून. काकू दोघांची पोळी तोडून देत होत्या आणि मध्येच डोळे पुसत होत्या. काकांनी त्या दिवसापासून गळाला हात लावला नव्हता. माझ्याकडे सरळ बघतही नव्हते.

"काका, तुम्ही डॉक्टर आहात," मी म्हणालो. "मेंदूत क्षणभर काहीतरी बिघडतं ना... टेस्टमध्ये न दिसणारं? माझ्या मनात काही नाही. तुम्ही पण तसंच समजा."

काकांनी घास ताटात परत ठेवला.

"माझ्या मेंदूत बिघडलं असेल, मान्य," ते म्हणाले. "पण त्या बाईच्या मेंदूत काय बिघडलं होतं?"

काकूंनी आमटी वाढली आणि आम्ही जेवलो. त्याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही... तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर सांगा, पण काकांना ते कळवायची सोय आता राहिलेली नाही.