दोन वर्षं गोठ्याच्या माळ्यावर

गेल्या महिन्यात कतारमधल्या अल खोर गावात एक नवीन पेशंट मिळाल्या. वय एकोणनव्वद. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशनला पंधरा दिवस झालेले. मुलगा इथे इंजिनिअर, आणि आजी युरोपातून त्याच्याकडे राहायला आलेल्या.

त्यांचं नाव-गाव लिहीत नाही. बाकी सगळं लिही, असं त्यांनीच सांगितलंय.

मी दोह्यात होम-केअरमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. आठवड्यातून तीन दिवस आमचे ड्रायव्हर सुभाषभाऊ मला अल खोरला नेतात, तासाभराचा रस्ता. ते बीडचे, मी सांगलीची... तेवढा वेळ मराठी बोलायला मिळतं.

पहिल्या दिवशी अगदी सोप्या व्यायामापासून सुरुवात केली. पलंगावर झोपून पावलं वर-खाली करायची, मग गुडघा हळूच दुमडायचा. पण मी दाखवायच्या आधीच आजींनी सुरू केलं. बरोबर तसंच, आणि इतकं संथ की अंगावरची चादरसुद्धा वाजत नव्हती.

"आधी कोणी शिकवलंय का?" मी विचारलं. आमचं बोलणं इंग्लिशमध्ये.

"माझ्या आईने."

मला वाटलं, आई नर्स वगैरे असेल. म्हटलं, छान, आता आकडे मोठ्याने मोजा, म्हणजे श्वास रोखला जात नाही. आजींचे ओठ हलायला लागले, पण आवाज येईना. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच.

मग त्या थांबल्या. "हे मी मोठ्याने कधी मोजलेलंच नाही," म्हणाल्या. "आवाज झाला असता तर आम्ही मेलो असतो."

मी पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले...

आजी ज्यू. महायुद्ध चालू होतं तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. एका सकाळी सैनिक त्यांच्या वडिलांना घरातून घेऊन गेले, ते परत आलेच नाहीत. आई त्यांना घेऊन गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याकडे गेली. त्याने या दोघींना गोठ्याच्या माळ्यावर, गवताच्या मागे लपवलं.

छप्पर इतकं खाली की सहा वर्षांच्या मुलीलाही सरळ उभं राहता येत नव्हतं. खाली गाई, आणि कधीही झडतीला येणारे सैनिक. तिथे त्या मायलेकी जवळजवळ दोन वर्षं राहिल्या.

"पाय लांब करायला जागा एकीपुरतीच होती," आजी सांगत होत्या. "म्हणून आईने नंबर लावले. आधी माझा, मग तिचा. माझ्या नंबरला ती कानात सांगायची... पावलं हलव, गुडघे हलव, शंभर वेळा, मनातल्या मनात मोज. इथून बाहेर पडू तेव्हा तुला पळता आलं पाहिजे."

शेवटी एकदा सैन्य हरलं, निघून गेलं. शेतकऱ्याने शिडी लावली. आजी खाली उतरल्या आणि अंगणभर चालल्या. पाय लटपटत होते, पण चालल्या.

आईला मात्र उतरता येईना. शेतकऱ्याने तिला पाठीवर घेऊन खाली आणलं. तिचे गुडघे सरळच होत नव्हते.

"तेव्हा मला कळलं," आजी म्हणाल्या. "मोजता मोजता मी झोपून जायचे. माझा नंबर संपला तरी ती मला उठवायची नाही."

 मी विचारलं, की पुढे तुमची आई चालली का?

"वर्षभराने. काठी घेऊन. मोठी झाल्यावर मी तिला विचारलं, असं का केलंस? तर म्हणाली, मला कुठे लांब जायचं होतं?"

एवढं बोलून आजींनी पाय पुन्हा सरळ केला आणि मोजायला लागल्या. मोठ्याने. इंग्लिशमध्ये नाही, मला न कळणाऱ्या कुठल्यातरी भाषेत. आवाज आधी घोगरा, मग हळूहळू मोकळा होत गेला.

मुलगा दारात येऊन उभा होता. केव्हापासून, माहीत नाही. सत्तावन्न वर्षांचा माणूस... नंतर मला म्हणाला, "आईच्या तोंडून ही भाषा मी आज पहिल्यांदा ऐकली. माझ्या आजीचे, म्हणजे तिच्या आईचे, पाय अधू होते एवढंच मला माहीत होतं."

आता तो ड्युटीवरून आला की लॅपटॉप घेऊन त्यांच्याजवळ बसतो. त्या सांगतात, तो टाइप करतो. बरीच पानं झालीत म्हणे.

त्या दिवशी परतताना मी सुभाषभाऊंना सगळं सांगितलं.  ते हळूच म्हणाले, "अन् लेकराला एकदाबी उठवलं न्हाई तिनं?"

परवा आजी वॉकर घेऊन पहिल्यांदाच गेटपर्यंत आल्या, मला सोडायला. सुभाषभाऊ गाडीतून उतरले आणि हात जोडून उभे राहिले.

"हे कोण?" आजींनी विचारलं.

"आमच्या महाराष्ट्रातले. मी त्यांना तुमच्या आईची गोष्ट सांगितली. चालेल ना?"

आजींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनीही तसेच हात जोडले. दोन्ही हात.

वॉकर सुटलाय हे माझ्या लक्षात यायला एक क्षण गेला... मी धरायला पुढे झाले, पण गरजच नव्हती. त्या कशालाही न धरता उभ्या होत्या.

त्या उभं राहण्यात माझं काम असेल पाच आठवड्यांचं. बाकी सगळं त्या आईचं, जिला मी कधी पाहिलंही नाही.