व्याह्यांच्या गाडीचे दिवे

उरण रोडला कमळाकर मिस्तरीचं गॅरेज आहे. गाड्यांचं वायरिंग करता करता मिशा पिकल्या, पण तोंडाचा पट्टा तरणाच. "विमान आणा, त्याला पन हॉर्न लावतो!" पण कोणी कोरी गाडी घेऊन जादा दिवे लावायला आला, की गड्याला नेमकी अमावस्या आठवायची. अमावस्या नसली की कंबर धरायची.

आतली भानगड अशी. एकदा नवीन पनवेलच्या एका साहेबाच्या गाडीत त्याने सवयीने टेस्टरची सुई वायरीत टोचली. जुन्या गाडीत टेस्टरचा दिवा लागला असता आणि विषय संपला असता. इथे गाडीचा कॉम्प्युटरच बसला. वायपर जे फिरायला लागले ते थांबेचनात. तेव्हापासून नव्या गाडीचं बॉनेट उघडायची वेळ आली की कमळाकर पळवाट शोधायचा. बायकोलाही त्याने हे सांगितलं नव्हतं.

आणि आता दारात बाळूशेठ उभे! जासईचे, होणारे व्याही. त्यांच्या हृतिकला कमळाकरची अंकिता दिलेली. हळद आठवड्यावर आलेली, आणि वरातीसाठी घेतलेली भलीमोठी नवी गाडी समोर.

"व्याही, म्होरं दोन मोठं दिवं लावा. दुसऱ्याचा हात लागू देनार नाय मी."

"शेठ, आज अमावस्या..."

"काल पुनव झाली!" विहीणबाई सत्यवती गाडीच्या खिडकीतून म्हणाल्या.

आता कंबर धरावी, तर लग्नात नाचणार कोण? कमळाकरने बॉनेट उघडलं. बॅटरीपासून वेगळी वायर, मध्ये फ्यूज, मग दिव्यांचा भार पेलणारा रिले, आत स्वतंत्र बटण. गाडीच्या मूळ वायरीला हात लावायचा नाही, असं तो मनात घोकत होता. सगळं नीट चाललं होतं. पण जुना हात तो जुना हात. बोलता बोलता टेस्टरची सुई हेडलाइटच्या बारीक वायरीला टेकलीच. ठिणगी नाही, आवाज नाही. जे काही उडालं ते कमळाकरच्या छातीत.

त्याने घाईघाईने बॉनेट लावलं. सत्यवतीबाईंनी ताट पुढे केलं. गाडीला हळदकुंकू लागलं, ताटात ठेवलेल्या चावीलाही लागलं. मग नारळ फुटला, पाणी शिंपडून झालं, उरलेलं ताटातच सांडलं.

"चालू करा शेठ," कमळाकर म्हणाला.

बाळूशेठनी बटण दाबलं. गाडी ढिम्म. पडद्यावर इंग्रजी लाल अक्षरं आली. कमळाकरने डोळेच मिटले. कॉम्प्युटर गेला, वरात गेली, पोरगी घरात राहिली. त्याने बंपर घट्ट धरला.

"शेठ, माझ्या हातनं जलली गाडी! सुई लागली. नवीन गाड्यांतलं मना कायबी कलत नाय. त्या अमावस्या सगल्या खोट्या. पोरीचा काय दोष नाय त्याच्यात, तिचं लगीन नका मोडू!"

बाळूशेठची भुवई वर गेली. चहा घेऊन आलेल्या अंकिताने पडद्याकडे पाहिलं.

"बाबा, चावी सापडत नाही म्हणतेय गाडी. चावी कुठंय?"

सगळ्यांनी ताटात पाहिलं. चावी नारळाच्या पाण्यात मजेत पोहत होती.

सत्यवतीबाईंनी ती पदराने पुसली, अंकिताने उघडून आतला सेल कोरडा केला. पुन्हा बटण दाबलं. गाडी चालू झाली आणि आतलं नवं बटण दाबताच पुढचे दोन्ही दिवे समोरच्या पानटपरीवाल्याचे डोळे दिपवत लागले.

कमळाकर मात्र बंपर सोडेना.

"पोरगी आमची झाली, लगीन काय मोडत नाय," बाळूशेठ म्हणाले. "पन व्याही, ही गाडी आता शोरूममध्ये दाखवून घेईन. राग तर नाय ना?"

"घ्या हो, आजच घ्या!" कमळाकर घाईने म्हणाला. आपल्या कामावरचा असा अविश्वास त्याला जन्मात एवढा गोड लागला नव्हता.

वरातीत सगळे गाडीपुढे नाचत होते. कमळाकर तेवढा मागे, चांगला दोन गाड्या सोडून. पुढचा उजेड क्षणभर लुकलुकला तरी त्याचा हात छातीवर जायचा. मग सत्यवतीबाई गर्दीतून ओरडायच्या, "काय व्याही, आज अमावस्या हाय काय?"